नामसाम्याची नीती : मोरया, सुमो, नामा

एका नावाने अनेकांना हाक मारता येते ही गोष्ट व्यवहारात इतकी अंगवळणी पडलेली असते, की तिच्यात काही प्रश्न दडलेला आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. गावात दोन पांडुरंग असले तर एकाला ‘थोरला’ आणि दुसऱ्याला ‘धाकटा’ म्हटले की काम भागते. कारखान्याच्या हजेरीपटावर दोन संतोष असले तर टोकन नंबर पाहून पगार होतो. भाषेने निर्माण केलेली अडचण भाषाच दूर करते. परंतु नाव हे नुसते ओळखीचे साधन न राहता स्मृतीचे, पूज्यतेचे किंवा मिळकतीचे वाहन झाले, म्हणजे ‘हे नाव नक्की कोणाचे?’ हा प्रश्न व्याकरणाची हद्द ओलांडून नीतीच्या हद्दीत शिरतो. एकाचे नाव दुसऱ्याला देणे हा सन्मान की अपहार? आणि नाव उरले पण नावाचा धनी विसरला गेला, तर त्या धन्याचे काही देणे शिल्लक राहते काय?

या प्रश्नाचा विचार करण्यास पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा औद्योगिक पट्टा हे वरवर पाहता अगदीच अनपेक्षित स्थळ. वास्तविक नावांची इतकी दाटीवाटी क्वचितच कोठे आढळेल. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराचे जोडनाव दोन झाडांच्या आठवणींवर उभे आहे. चिंच आणि वड यांच्यापासून चिंचवड आणि पिंपरीच्या झाडापासून पिंपरी, अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. झाडे राहिली काय आणि तुटली काय, नावाला त्याचे सोयरसुतक नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात विशेषनामाविषयी नेमके हेच सांगितले होते. डार्ट नदीच्या मुखाशी वसलेल्या डार्टमथ या गावापासून ती नदी उद्या दूर सरकली तरी गावाचे नाव बदलणार नाही, कारण विशेषनाम वस्तूकडे बोट दाखवते, तिच्या गुणांविषयी काहीच बोलत नाही. पिंपरी नावाची गावे तर महाराष्ट्रात कितीतरी आहेत. एकट्या पुणे जिल्ह्यात पिंपरी सांडस, पिंपरी पेंढार, पिंपरी दुमाला अशी मालिका लागते आणि आज महानगराचा भाग झालेली पिंपरीही जुन्या बोलण्यात ‘पिंपरी वाघेरे’ होती. नामसाम्याचा गुंता सोडवण्यासाठी गावगाड्याने कधी कुळाचे नाव जोडले, कधी फारसीतून आलेली ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ ही पदे लावली. मिलचे म्हणणे येथे पुरेसे ठरते.

मात्र ते सर्वत्र पुरत नाही, आणि ते का पुरत नाही याची जाणीव भारतीय वैयाकरणांना फार आधीपासून होती. पतंजलीने महाभाष्यात शब्दांची चार प्रकारची प्रवृत्ती सांगितली : जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा. यदृच्छाशब्द म्हणजे वक्त्याच्या इच्छेखेरीज ज्याला दुसरा आधार नाही असा शब्द. ‘डित्थ’ हे त्याचे पुढे शास्त्रग्रंथांतून घासून गुळगुळीत झालेले उदाहरण. परंतु त्याच चर्चेत दुसरा पक्षही मांडला जातो. प्रवृत्ती तीनच आहेत, निव्वळ यदृच्छेने आलेला शब्द असा नाहीच, असे तो पक्ष म्हणतो. नाव हे अंतिमतः निराधार असते की प्रत्येक नावाखाली कोठेतरी अर्थाचा झरा वाहत असतो, हा तो वाद. सोस्यूरनंतरच्या चर्चेत ‘यादृच्छिकता’ हा शब्द आपल्याकडे बराच रुळला. पण यदृच्छेला नकार देणारा हा घरचा पूर्वपक्ष मात्र क्वचितच आठवला जातो. चिंचवडच्या ‘मोरया’ या तीन अक्षरी नावाकडे पाहताना तो आठवणे आवश्यक आहे.

मोरया गोसावी हे गाणपत्य परंपरेतील सत्पुरुष. पवनेच्या काठी चिंचवडला त्यांची समाधी आहे आणि तेथील मंदिर त्यांचे पुत्र चिंतामणी यांनी १६५८-५९ च्या सुमारास बांधविले. त्यांच्या काळाविषयी मतभेद इतके आहेत, की निरनिराळे अभ्यासक त्यांना चौदाव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत कोठेही ठेवतात. नावाविषयी मात्र मतभेद नाही. मोरगावच्या मोरेश्वराच्या आराधनेने झालेला मुलगा म्हणून आईवडिलांनी त्याचे नाव मोरया ठेवले, असे परंपरा सांगते. म्हणजे माणसाला देवाचे नाव मिळाले. पुढे हाच माणूस मोरगावच्या वाऱ्या करून, कऱ्हेच्या पात्रात मिळालेली मूर्ती घेऊन चिंचवडला आला, लोकांनी त्याला गणेशाचा अंश मानले, आणि ‘गणपती बाप्पा मोरया’ या घोषात त्याचे नाव देवाच्या नावाला कायमचे चिकटले. आता देवाला माणसाचे नाव मिळाले. निदान प्रचलित समजूत तरी अशीच आहे. दुसऱ्या मतानुसार घोषातला मोरया हा चिंचवडचा गोसावी नसून थेट मोरगावचा मोरेश्वरच आहे. ‘मोरेश्वर’ या लांब नावाचे ते लाडके रूप. मोरेश्वराचे मोरो, मोरोबा, मोरोपंत करण्याची मराठीची सवय ध्यानात घेतली तर तेही अशक्य म्हणता येत नाही. मोरो त्रिंबक पिंगळे, मोरोबा फडणीस, बारामतीचे कविवर्य मोरोपंत पराडकर (१७२९-१७९४) ही सारी त्याच कुटुंबातली नावे.

आणि मग ज्यांचा या कुटुंबाशी असलेला संबंध केवळ ध्वनीचा असावा, अशीही नावे शेजारी येऊन बसतात. देहूच्या तुकोबांचे कूळ मोरे. जावळीचे चंद्रराव मोरे. आणि मोरे म्हणजे मौर्य असे मानून थेट चंद्रगुप्तापर्यंत पोहोचणारी कुलाभिमानाची वाट. मोर या पक्ष्याने या सर्वांना एका पिसाऱ्याखाली घ्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण नामसाम्यावरून नाते सिद्ध करणे हा आपल्याकडील हौशी इतिहासलेखनाचा जुना व्याधी आहे, आणि समीक्षेने तरी त्यापासून दूर राहावे.

एवढे मात्र मान्य करावे लागते, की देव, गोसावी आणि घोष या तिघांना जोडणारी साखळी योगायोगाची नाही. सॉल क्रिपके या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७० साली दिलेल्या आणि १९८० साली ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत नावाच्या अर्थाचे कोडे असे सोडवले होते : एकदा कोणीतरी कोणाचेतरी बारसे करतो आणि पुढे प्रत्येक बोलणारा, आपण ज्याच्याकडून ते नाव ऐकले त्याच्याच रोखाने ते वापरतो, या हस्तांतराच्या साखळीमुळे नाव आपल्या धन्यापर्यंत पोहोचते. त्यावर गॅरेथ एव्हान्सने १९७३ साली एक नेमका आक्षेप घेतला. मादागास्कर हे नाव मुळात आफ्रिकेच्या मुख्य भूमीच्या एका भागाचे. मार्को पोलोच्या गैरसमजातून ते बेटाला लागले. साखळी अखंड राहिली आणि धनी मात्र बदलला. मोरयाच्या साखळीत असाच पालट घडलेला दिसतो, फक्त येथे पालटाचे कारण गैरसमज नसून भक्ती आहे. भक्तीला देव आणि भक्त यांच्यातील भेद मिटवायचाच असतो. नाव सरमिसळ झाले तर तिचे काही बिघडत नाही, उलट तिचे ईप्सित साध्य होते.

विसर्जनाच्या मिरवणुकीत ओरडणाऱ्या मुलाला ‘मोरया म्हणजे कोण?’ असे विचारले तर तो बहुधा गोंधळेल. क्रिपकेच्या हिशोबात या गोंधळाला जागा नाही, कारण त्या मुलाने कोणाच्या रोखाने नाव वापरले हे त्यालाच ठाऊक नाही. परंतु येथे एक व्याकरणिक सूक्ष्मता उपयोगी पडते. घोषातला मोरया हा कर्ता नाही, कर्म नाही. ते संबोधन आहे. संस्कृत व्याकरणात संबोधनाला कारकांत स्थान नाही, क्रियेशी त्याचे थेट नाते नसते. संबोधन कोणाविषयी काही विधान करत नाही, ते फक्त तोंड वळवते. ज्याच्याकडे वळवले तो एकच असावा असा आग्रह हाकेला धरता येत नाही.

मग मोरया गोसावी नावाच्या माणसावर या सगळ्यात अन्याय झाला काय? कोट्यवधी लोकांच्या तोंडी ज्याचे नाव आहे त्याचे चरित्र, त्याची पदे, त्याचा काळ यांपैकी काहीही त्या लोकांना ठाऊक नसावे, हे विस्मरणाचे अगदी टोकाचे रूप म्हणता येईल. तरीही याला अन्याय म्हणणे जड जाते. विस्मरणाने इजा होते ती ज्याला स्मरणात राहायचे होते त्याला. या माणसाचे नाव मुळात उसने होते, देवाकडून आलेले होते. ते देवाकडे परत गेले तर हिशोब पुरा झाला असे त्यानेच म्हटले असते. पालखीही दर भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मोरगावला जातेच.

याच घराण्याला मिळालेल्या दुसऱ्या नावाची कथा मात्र इतकी निर्वेध नाही. ते नाव आणखी छोटे आहे : ‘देव’. चिंतामणी महाराजांनी तुकोबांना गणेशरूपात दर्शन दिले आणि तुकोबांनी त्यांना ‘देव’ म्हणून संबोधले, तेव्हापासून घराणे देव झाले, अशी आख्यायिका आहे. गणेशाचा अंश सात पिढ्या या घराण्यात राहील अशीही श्रद्धा होती. कॅप्टन एडवर्ड मूर याने १८०१ साली ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये या ‘वंशपरंपरागत जिवंत दैवता’विषयी लेख लिहिला, १८०९ साली मारिया ग्रॅहम चिंचवडला येऊन गेली, तेव्हा तिला देव म्हणून एक लहान मुलगा दिसला. पुढच्याच वर्षाच्या सुमारास थेट वंश खुंटला आणि परंपरा दूरच्या नात्यातून चालू राहिली. येथे शब्दाचे जे झाले ते पतंजलीच्या वर्गीकरणात बसवून पाहण्यासारखे आहे. जोवर सात पिढ्यांची श्रद्धा होती तोवर ‘देव’ हे वर्णन होते, त्यात एक दावा होता, तो खरा किंवा खोटा असू शकत होता. त्यानंतर तेच पद आडनाव झाले. आडनावाला खरे-खोटे नसते. समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांसाठी आयुष्य वेचणारे धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव किंवा काँग्रेसचे आणि सर्वोदयाचे शंकरराव देव यांच्या नावात कोणी दैवी दावा वाचत नाही. एक भव्य विधान विझते आणि त्याच्या राखेतून एक निरुपद्रवी यदृच्छाशब्द तयार होतो.

पण तो पूर्णतः निरुपद्रवी होतो असेही नाही. चिंचवडच्या देवांना इनामे होती, गावे होती. नाव कोणाकडे जाते यावर उत्पन्न कोणाकडे जाते हे ठरत होते, आणि पेशवाईला व नंतर इंग्रज सरकारला या प्रश्नात लक्ष घालावे लागले. लॉरेन्स प्रेस्टन याचा १९८९ सालचा ‘द देव्ज ऑफ चिंचवड’ हा ग्रंथ घराणे आणि राज्यसत्ता यांच्या याच संबंधावर आहे. शिवाय १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने हिंदू मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असल्याचे निःसंदिग्धपणे मांडले. तेव्हा जमिनीच्या कागदावर ‘देव’ हा शब्द आला तर तो मालक पाषाणाचा की हाडामांसाचा, हा प्रश्न केवळ कोटी म्हणून सोडून देता येत नाही.

चिंचवडपासून काही मैलांवर, याच पट्ट्यातल्या कारखान्यांतून नावांचा दुसरा एक प्रवाह गेली सहा दशके वाहतो आहे. नामकरणाची तीच क्रिया येथे भक्तीविना घडते, आणि म्हणून तिचा नैतिक चेहरा अधिक स्पष्ट दिसतो.

मर्सिडीज मोटारींची जुळणी १९९५ साली पिंपरीला टेल्कोच्या आवारात सुरू झाली. २००९ साली त्या कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला उभा राहिला. मर्सिडीज हे मुळात एका मुलीचे नाव. एमिल येलिनेक हा डाइम्लर कंपनीच्या गाड्या विकणारा धनाढ्य गृहस्थ. १८८९ साली जन्मलेल्या आपल्या मुलीचे नाव त्याने गाड्यांना दिले, १९०२ साली ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले आणि १९०३ साली त्याने स्वतःच्या आडनावालाही ते जोडून घेतले. मुलीचे नाव बापाने लावावे, हा आपल्या वहिवाटीचा नेमका उलटा प्रकार. परंतु त्या मुलीचे नावही तिचे एकटीचे नव्हते. स्पॅनिश भाषेत ते मेरीमातेच्या एका बिरुदातून आलेले आहे. त्याचा अर्थ कृपा, करुणा. म्हणजे दैवताच्या कृपेचे नाव मुलीला, मुलीचे नाव यंत्राला. मोरगाव ते चिंचवड हा जो मार्ग, तोच नीस आणि स्टुटगार्टमार्गे चाकणला येऊन पोहोचतो. फरक इतकाच, की एका मार्गाच्या शेवटी नाव दैवताकडे परत गेले आणि दुसऱ्याच्या शेवटी ते शोरूममध्ये राहिले. ती मुलगी १९२९ साली व्हिएन्नात वारली, चाळिशीच्या आत. तिच्या नावाचे काय करायचे हे तिला कोणी विचारले नव्हते. दहा-बारा वर्षांच्या मुलीला ते विचारण्याची रीतही नव्हती.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे. टेल्कोचा पिंपरीचा कारखाना ज्यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आला ते सुमंत मूळगावकर १९८९ साली निधन पावले. १९९४ साली कंपनीने जी गाडी बाजारात आणली तिला त्यांच्या नावाआडनावाची आद्याक्षरे जुळवून ‘सुमो’ हे नाव दिले. हे ठाऊक असणाऱ्यांना त्यात कृतज्ञता दिसते. परंतु वाडीवस्तीवरच्या ज्या प्रवाशांनी वडाप म्हणून तिच्यात दाटीवाटीने बसून रस्ते कापले, त्यांतील जवळजवळ कोणालाही त्या नावात एक मराठी अभियंता ऐकू आला नाही. ज्यांना काही ऐकू आले त्यांना जपानी मल्ल ऐकू आला, आणि गाडीचा आडवा देह पाहता तो अर्थ चपखल बसलाही. काव्यशास्त्रात ज्याला सभंग श्लेष म्हणतात त्याचे हे औद्योगिक रूप : शब्द एका ठिकाणी तोडला तर सुमंत मूळगावकर, अखंड ठेवला तर कुस्तीगीर. श्लेषाचे यश असे, की दोन्ही अर्थ एकाच वाचकाच्या मनात एकदम उभे राहावेत. येथे दोन अर्थ दोन निरनिराळ्या वाचकवर्गांत वाटले गेले. वर्तुळाच्या आत असलेल्यांना स्मारक, बाहेर असलेल्यांना निव्वळ माल. स्मृतीची अशी विषम वाटणी करणाऱ्या सन्मानाला पूर्ण सन्मान म्हणावे काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. २०१९ साली सुमोचे उत्पादन थांबले. मोरया गोसाव्यांचे नाव विरघळले ते त्यांच्या श्रद्धेच्या दिशेने. मूळगावकरांचे नाव एका उत्पादनाच्या आयुष्याला बांधले गेले आणि त्या आयुष्याबरोबर रस्त्यावरून ओसरू लागले.

चेतकची गोष्ट याहून थोडक्यात सांगता येईल. हळदीघाटच्या लढाईतल्या (१५७६) राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव १९७२ साली बजाजच्या स्कूटरला मिळाले. त्याच नावाचे हेलिकॉप्टरही भारतीय सैन्यदलांत आहे. स्कूटर बंद झाली, आणि अनेक वर्षांनी, २०२० साली, चाकणला तयार झालेली विजेवर चालणारी दुचाकी त्याच नावाने विकली जाऊ लागली. इंजिन वेगळे, इंधन वेगळे, कारखान्यातले हातही वेगळे. सलग राहिले ते केवळ नाव. घोड्याला तर या सर्व प्रकाराशी काही देणेघेणे असण्याचे कारणच नव्हते. त्याची तक्रार नसणे हेच त्याचे नाव वापरणाऱ्यांना सोयीचे.

नाव वापरणे वेगळे आणि नाव इतरांना वापरू न देणे वेगळे. पूज्यभावाने नाव घेणाऱ्यांत हा दुसरा अधिकार कोणी मागत नाही. चिंचवड परिसरात मोरया नावाची दुकाने, रिक्षा, टेम्पो, वर्कशॉप, गृहरचना संस्था आणि मंडळे यांची गणती करणे कठीण; त्यांतल्या एकालाही दुसऱ्याच्या अस्तित्वाने बाध येत नाही. व्यापारचिन्ह मात्र एकाकीपणावरच जगते. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अगरबत्तीच्या एका व्यापाऱ्याचा दावा आला होता. ‘रामायण’ हे नाव केवळ आपले असावे असे त्याचे म्हणणे होते. पवित्र ग्रंथाच्या नावावर एकट्या व्यापाऱ्याला मक्तेदारी सांगता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. निर्णय योग्यच आहे, पण त्याच्या पोटातला विचार अधिक महत्त्वाचा : ज्या नावावर पुष्कळांचे प्रेम आहे ते नाव प्रेमामुळेच कोणाचे खासगी राहत नाही. तसे पाहिले तर मर्सिडीज हेही एके काळी असेच अनेकांच्या प्रार्थनेतले नाव होते. तेथे कुंपण घातले गेले आणि ते टिकले, याचे कारण कायद्यात शोधण्यापेक्षा अंतरात शोधावे. जेथे ते नाव विकले गेले त्या बाजारात त्या प्रार्थनेची भाषा फारशी कोणाच्या कानावर नव्हती.

आता या साऱ्याचा साहित्यविचाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो याच पट्ट्याच्या मधोमध, आळंदीला येऊन भिडतो. १८९८ साली ‘सुधारक’ पत्रात ‘भारद्वाज’ या टोपणनावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी लेखमाला लिहून असे प्रतिपादन केले, की ज्ञानेश्वरीकार ज्ञानदेव आणि अभंगकार ज्ञानदेव हे एकाच नावाचे दोन भिन्न पुरुष होत. (टोपणनावाने लिहिणाऱ्याने दुसऱ्याच्या नावाची फोड करावी, यातली गंमत तेव्हा कोणाच्या ध्यानात आली की नाही कोण जाणे.) ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचा उल्लेख नसणे आणि अभंगांची भाषा अर्वाचीन वाटणे हे त्यांचे मुख्य आधार. वाद पुढे अनेक दशके चालला. बहुतेक अभ्यासक ज्ञानदेव एकच मानतात, आणि भाषेतील फरकाचा उलगडा मौखिक परंपरेत अभंगांची भाषा पालटत गेली असे सांगून करता येतो. परंतु येथे निकालापेक्षा कसोट्या पाहण्याजोग्या आहेत. मिशेल फूकोने १९६९ सालच्या ‘लेखक म्हणजे काय’ या व्याख्यानात संत जेरोमच्या चार कसोट्यांची आठवण करून दिली होती : एकाच नावावरील ग्रंथांत दर्जा सारखा असावा, मतांत विसंगती नसावी, शैली एक असावी, आणि लेखकाच्या मृत्यूनंतरच्या घटनांचा उल्लेख नसावा. भारद्वाजांच्या दोन प्रमुख कसोट्या यांतल्याच, मताची आणि शैलीची. पश्चिमेकडील धर्मग्रंथांच्या चिकित्सेत वापरलेली हत्यारे पुण्याच्या एका सुधारकी पत्रात येऊन धार लावून घेतात, यात नवल नाही. नवल वाटावे ते त्यांमागील गृहीताचे : एका नावामागे एकच सुसंगत माणूस असला पाहिजे, आणि विसंगती दिसली की माणसे दोन.

मराठी संतपरंपरा या गृहीतावर चालत नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या सोळाव्या शतकातील कवीचे अभंग मिसळले आहेत, आणखीही काही ‘नामे’ तेथे असावेत असे अभ्यासक मानतात. गुरू ग्रंथ साहिबातील नामदेवांची एकसष्ट पदे याच नामदेवांची काय, हाही प्रश्न विचारला गेला आहे. भर्तृहरीने वाक्यपदीयात अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणारी साधने सांगितली आहेत : संसर्ग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण आणि इतर. शंखचक्रासह हरी म्हटले की विष्णू, राम-लक्ष्मण म्हटले की दाशरथी. संपादक नाम्याच्या अभंगावर हीच साधने चालवतो : ‘विष्णुदास’ जोडलेले असेल तर एक, केशवराजाचे साहचर्य असेल तर दुसरा. पण भर्तृहरीच्या आधी आणखी एक तिढा आहे आणि तो त्याने जाणलेला आहे. अनेक अर्थ असलेला शब्द हा एकच शब्द मानावा, की जितके अर्थ तितके शब्द आणि त्यांचा ध्वनी तेवढा सारखा? ‘नामा’ ही एक मुद्रा आहे की अनेक?

ज्याने आपला अभंग नामदेवांच्या नावावर घातला त्याने बनावट दस्तऐवज केला, असे आधुनिक संपादक म्हणतो. चाकणच्या कारखान्याचे उदाहरण शेजारी ठेवून पाहावे. तेथे दुसऱ्याचे नाव आपल्या मालाला दिले जाते आणि लाभ आपल्याकडे येतो. अनामिक नाम्याने दुसऱ्याचे नाव आपल्या कवितेला दिले, पण लाभ, म्हणजे कीर्ती, दुसऱ्याकडे जाऊ दिली. दिशा अगदी उलट. म्हणून येथे अपहाराचा शब्द लागू पडत नाही. लागू पडलाच तर तो आत्मसमर्पणाचा, आणि त्यालाही एक काळी बाजू आहे हे विसरता कामा नये. कीर्ती सोडून देण्याचा हक्क प्रत्येकाला होता असे नाही. कित्येकांना स्वतःच्या नावाने बोलण्याची सोयच नव्हती. एखाद्या बाईने, एखाद्या खालच्या मानलेल्या जातीतल्या माणसाने रचलेली ओळ नावाजलेल्या मुद्रेखाली सुरक्षित राहिली, तर त्याला समर्पण म्हणायचे की आसरा, हे ठरवण्यास पुरावा नाही. ठेकेदाराच्या यादीवर काम करणारा कंत्राटी कामगार जी गाडी जुळवतो तिच्यावर त्याचे नाव नसते, आणि त्याला कोणी भक्ती म्हणत नाही.

तेव्हा नामदेवांच्या गाथेच्या संपादकाने काय करावे? शंकास्पद अभंग उपटून परिशिष्टात टाकण्याची पद्धत जेरोमच्या कसोट्यांशी सुसंगत आहे, पण ती अज्ञात कवीची इच्छा मोडते : त्याला ज्या पंगतीत बसायचे होते तेथून त्याला उठवते. उलट सारेच अभंग डोळे मिटून एकाच्या नावावर ठेवणे हे इतिहासाशी अप्रामाणिक, आणि ज्याला आसऱ्यापोटी नाव सोडावे लागले त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणारे. अभंग त्याच पंगतीत राहू द्यावा, मुद्रा हलवू नये, आणि पानाच्या तळाशी लिहावे की हा नामा दुसरा असावा. भाषेचा, काळाचा, पोथीचा जो पुरावा असेल तो तेथे द्यावा.